पावाच्या डब्यातली किल्ली

किल्ली पावाच्या डब्यात असते.
वीतभर लांब, लोखंडी, उन्हाळ्यातसुद्धा गार.
माझ्याआधी ती हाइल्वेनच्या डब्यात होती,
त्याआधी तिच्या सासूच्या.
कुणी नेमलं नाही आम्हांला.
चर्चला लागून घर, एवढीच लायकी.

वेल्सच्या या डोंगरकुशीत, कूम बेदूत,
पाद्रीबाबा तिसऱ्या रविवारी येतात.
पाच गावं त्यांच्याकडे, आणि खोकणारी एक गाडी.
एरवी आम्ही सातजण, कधी नऊ,
शिवाय छतातली वटवाघळं,
ज्यांना हात लावायला कायद्याची बंदी.
त्यांच्या लेंड्या मी झाडून गुलाबांना घालते.
गुलाबांची तक्रार नाही.

मार्चात मेंढ्या वितात
आणि प्रार्थनेला वेळेवर कुणीच येत नाही.
माइरिग येतो कोपरापर्यंत घासलेले हात घेऊन.
एकदा कोटात कोकरू घेऊन आला,
आईने नाकारलेलं.
सगळे गुडघ्यावर, मनातली पापं आठवत होते
तेवढ्यात ते बोललं.
पाद्रीबाबा म्हणाले, आमेन.

झावळ्यांचा रविवार आमच्याकडे फुलांचा.
आदल्या दिवशी बादल्या, घासण्या, जुने टूथब्रश.
थडगी घासावी लागतात,
मग शेवाळाखालून नावं सुटून येतात,
तळाला लागलेला भात सुटावा तशी.
ज्यांचं मागे कुणी उरलं नाही
त्यांच्यासाठी डॅफोडिल्सची एक बादली वेगळी.
ते खातं तेग्वेनकडे. वय नऊ, हिशेबाला कडक.
यंदा म्हणाली, बिनवारस एकोणीस,
जुड्या अठरा.
कुणी दुसऱ्याच्या कबरीवरून दोन फुलं उचलायला गेलं
तर तिने हात धरला.
एकोणिसाव्या दगडावर
स्वतःच्या केसांतली पिवळी पिन लावून आली.
ती अजून तिथेच आहे. गंजलीय.

जूनमध्ये छतासाठी विक्री.
एक हिरवी फुलदाणी आहे, अतिशय कुरूप.
दरवर्षी कुणीतरी दयेने विकत घेतं
आणि पुढच्या वर्षी दान करतं.
आजवर तिने अकरा कौलं कमावलीत.
इतकं तर आमच्यातल्या कुणी केलेलं नाही.

ऑक्टोबरात सुगीचे आभार.
खिडकीत भोपळे, लीक, पेंढीच्या आकाराचा पाव,
आणि तरुण जोडप्यांकडून
डबाबंद टोमॅटो.
देवाला चालतं. हाइल्वेनला चालायचं नाही,
ती डबे मागच्या रांगेत लपवायची.

मग जानेवारी, प्लगाइन.
नाव कोंबड्याच्या आरवण्याचं,
पण हल्ली गातो संध्याकाळी सातला;
कोंबड्याला कुणी विचारलं नाही.
वाद्य नाही, पुकारा नाही.
ज्यांची पाळी ते उठतात, पुढे जातात,
घराण्यात आलेलं गाणं म्हणून गुपचूप बसतात.

माइरिग, एद्रिद आणि इथेल. तीन भाऊ, तीन सूर,
सदतीस वर्षं.
इथेल नोव्हेंबरात गेला.
वाटलं, यंदा उठणार नाहीत.
उठले.
मध्ये एका माणसाची जागा सोडून उभे राहिले.
एद्रिदने इथेलचाच सूरकाटा बाकावर आपटला,
कानाशी धरला, नको तितका वेळ.

खर्जाचा सूर आम्हां सगळ्यांना पाठ होता.
मागच्या रांगेतला प्रत्येक पुरुष तो गाऊ शकला असता.
कुणी गायलं नाही.
तळ नसलेल्या बादलीतून पाणी न्यावं
तसं त्यांनी ते गाणं
सहाव्या कडव्यापर्यंत नेलं.

नंतर हॉलमध्ये गार मांस, बीटाचं लोणचं, पाणचट चहा.
एद्रिद म्हणाला, पट्टी चढली होती.
माइरिग म्हणाला, इथेलने शिव्या घातल्या असत्या.
आणि दोघांनी आणखी बीट घेतलं.

कुलूप लावायला गेले तेव्हा सूरकाटा बाकावरच होता.
मी तो किल्लीशेजारी ठेवलाय.
सकाळी पाव काढताना दोन्ही एकमेकांना लागतात,
आणि घरात क्षणभर एक स्वर राहतो.
माइरिग न्यायला येतो म्हणाला होता.
अजून आलेला नाही.
मेंढ्या वितायला लागल्यात.